दादाने निवडलेली लाँच

“हिला टोकून बग, सदा,” दादा म्हणाला आणि स्वतः मात्र लांबच उभा राहिला.

मी हातोडीचा दांडा घेऊन लाँचच्या कुशीवर टकटक करत पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत गेलो. लाकूड निरोगी असलं की खणखणीत आवाज देतं, आतून कुजलं असलं की भदभद बोलतं. ही खणखणीत बोलत होती. जुन्या सागवानाची, कुण्या बंदर-अधिकाऱ्याला खाडीत फिरायला म्हणून बांधलेली. आत वेताने विणलेली बाकं आणि मधोमध लाकडी पेटीखाली दोन सिलिंडरचं इंजिन. पेटी उघडून मी चाकाला दोन्ही हातांनी जोर लावला. चाक कुरकुरलं, पण फिरलं. पडीक इंजिनाचं चाक फिरलं की माझ्यासारख्याला कोण आनंद होतो! माझ्या बायकोला तो कधी कळला नाही.

“दादा, डोळे मिटून घे ही. रंग खरवडायचा, खालच्या फळ्या बदलायच्या, इंजिन मी उघडून देतो. येत्या नारळी पुनवेला पाण्यात.”

“बाकं अरुंद हायत.”

“बाकं सुतार रुंद करील की.”

“दुसरी बग.”

दुसरीही वाईट नव्हती. तळाचा कणा सरळ होता, कुठे पीळ नव्हता. इंजिन जाम होतं, पण जाम इंजिन सोडवण्यातच माझा जन्म गेला होता. दादाने तिच्या छपराला नाव ठेवलं. बुटकं म्हणे. मग मात्र मी वैतागलो.

“तू लाँच निवडायला आलायस की सून? ही अरुंद काय, ती बुटकी काय!”

म्हणालो आणि जीभ चावली. सून हा शब्द दादासमोर काढायला नको होता. जागेचा मालक कादरभाई होडेकर उगाच खोकला आणि कांदळवनाकडे बघायला लागला. 

आता दादा नाही. वहिनीही गेल्या शिमग्यानंतर गेल्या. जपून ठेवावं असं त्यात कुणासाठी काही उरलेलं नाही, म्हणून हे सांगतो आहे.

मी तेव्हा नुकतीच जहाजावरची नोकरी सोडून घरी आलो होतो. उभी हयात इंजिनरूममध्ये गेली. माझा थोरला भाऊ पुंडलिक आमच्याच खाडीत प्रवासी लाँच चालवायचा. ‘भगवती’ तिचं नाव. आमच्या वडिलांनी बांधून घेतलेली. आमची करलवाडी खाडीच्या अलीकडे, बाजार आणि एस.टी. पलीकडे, त्यामुळे येणाजाणाऱ्याला भगवतीशिवाय गत्यंतर नव्हतं. दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा त्याचा एकुलता एक मुलगा उल्हास लाँचवर बसला; दादाचं ऑपरेशन मागाहून झालं. उंच, हसरा, जरा वेंधळा. मी बोटीवरून सुट्टीवर आलो की माझी बॅग उचलायला धावत यायचा आणि धक्क्यावर विसरून घरी पोचायचा.

मी नोकरी सोडून येण्याच्या तीन पावसाळे आधी भर खाडीत भगवतीत पाणी शिरलं. भरतीला जोर होता. बाकीचे लोक पोहून निघाले, काहींना होड्यांनी उचललं. उल्हास गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या वाडीतल्या भिकाजी शिवलकरची बायको सुमती गेली.

इंजिन थंड ठेवायला खाडीचंच पाणी आत घेतात. त्यासाठी तळाला एक भोक असतं, त्यावर लोखंडी बैठक, बैठकीला पाणी बंद करायचा कॉक आणि पुढे शेवाळ अडकावं म्हणून गाळणीचा डबा; त्याचं झाकण उघडं राहिलं तर खाडी आत शिरते. त्या दिवशी सुटण्याआधी धक्क्यावर उल्हासला ती गाळणी उघडून साफ करताना दोघातिघांनी पाहिलं होतं. तेवढं पुरलं. झाकण लावायला विसरला, असं सगळे म्हणाले. चौकशीला आलेल्या साहेबाने काठावर उभं राहूनच लिहून घेतलं आणि दादाला विचारलं, “मुलगा विसराळू होता का?”

“व्हता जरा,” दादा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पण त्या दोन शब्दांवर चौकशी मिटली. उल्हासने स्वतःबरोबर एका बाईचा जीव घेतला, हे वाडीत पक्कं झालं. भिकाजीने आमच्या दाराकडे बघणं सोडलं. वहिनी देवळात जायच्या बंद झाल्या, हळदीकुंकवाला बंद झाल्या. विहिरीवरसुद्धा बायका पाणी भरून गेल्यावर जायच्या. आणि एवढ्या सगळ्यांत त्या एकट्याच म्हणत राहिल्या, “माजा उल्हास झाकण उघडं टाकायचा नाय.”

असं असताना दादाने अचानक काढलं, की एक जुनी लाँच घेऊन दुरुस्त करायची. शहरातले लोक आता खाडीत फिरायला येतात, त्यांना अशा जुन्या लाँचचं वेड आहे, म्हणाला. मला वाटलं, चांगलंच झालं. माणूस तीन वर्षं पडवीत बसून होता. हाताला काम मिळालं तर बरंच.

पण त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा वहिनींनी मला मागच्या दाराशी गाठलं.

“भाऊजी, एक करा. सगळ्या कुजक्या हायत म्हणून सांगा. तुमचं ऐकतात ते.”

“वहिनी, त्याला जरा कशात तरी गुंतवायला हवं...”

“ह्या घरात पुन्हा लाँच नको. इंजिनाचा आवाज आला की मी कान धरून बसते. तुमच्या पाया पडते.”

त्या खरोखरच वाकल्या. मी मागे सरलो, “बघतो” म्हणालो आणि सटकलो. मी दोघांच्या मधे सापडलो होतो. खरं सांगायचं तर दादाची खोड बघून सकाळपासून मला वाटत होतं, की तो स्वतःच सगळ्या नापास करणार आणि माझी सुटका होणार.

कादरभाईची जागा खाडीच्या वरच्या अंगाला होती. पूल झाले, रस्ते झाले, तशा एकेका गावच्या लाँच बंद पडल्या आणि त्या हा गडी मोडीत घेऊन ठेवायचा. कुणाला इंजिन विकायचा, कुणाला लाकूड. चिखलात, झाडांखाली, ताडपत्र्यांखाली त्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. ओहोटी लागलेली, वर उन्हाचा रखरखाट, आणि सगळीकडे त्या सुकत्या चिखलाचा वास.

दुसरी लाँच नापास केल्यावर दादा कुणालाही न विचारता अगदी टोकाकडे चालायला लागला. तिथे कांदळाच्या झाडांत एक लाँच कुशीवर कलंडली होती. छप्पर नव्हतं, रंग नव्हता, नावाची पाटी उखडलेली.

“दादा, ती नको,” कादरभाई मागून ओरडला. “तुमाला मी मागेपण सांगितलेलं. ती इकायची नाय.”

मागेपण? मी कादरभाईकडे बघितलं. त्याने खांदे उडवले.

“येतात अधनंमधनं. बाहेरनंच बगतात. आत पाय टाकत नाय. मी च्या देतो, च्या पितात, जातात.”

दादा त्या लाँचच्या नाळेवर हात ठेवून उभा होता. मी जवळ गेलो. नाळेच्या वळणाखाली, उजव्या अंगाला, एक जुनं ठिगळ होतं. लहानपणी आम्ही दोघांनी तिला धक्क्यावर आपटवलं होतं आणि वडिलांनी आम्हाला कांदळाच्या फांदीने झोडपलं होतं. त्या ठिगळाची लाकडी खुंटी मी झोपेतही ओळखली असती.

“ही भगवती आहे,” मी म्हणालो.

“ही निवडली मी,” दादा म्हणाला. “हीच दुरुस्त करायची.”

“तुला वेड लागलंय का? वहिनी काय म्हणतील? आणि अरे, हिच्यात दुरुस्त करण्यासारखं आहे काय? फळ्यांतून उजेड दिसतोय.”

“आत जा, सदा.”

“कशाला?”

“तू इंजिनेर हायस. गाळणीचं झाकण उघडं हाय का लागलेलं, तेवढं बग.” तो नाळेकडेच बघत होता. “तीन वर्सं इथवर येतोय नि परत जातोय. माजं धाडस नाय होत. उघडं असलं तर मला सांग. लागलेलं असलं तरी सांग.”

तेव्हा कुठे मला उमगलं. पर्यटक नाहीत, धंदा नाही, काही नाही. मी सुट्टीवर नव्हे, कायमचा घरी येण्याची तो वाट बघत थांबला होता. त्याला लाँच हवीच नव्हती, निकाल हवा होता, आणि तो सांगायला घरातलं माणूस हवं होतं.

“बाहेर काढणाऱ्यांनी कुणी हात लावलेला का?” मी कादरभाईला विचारलं.

“कोण लावतोय! माणसं मेलेली बोट. लिलावात मी घेतली इंजिनासाठी. इंजिन जाम निघालं, सोडून दिलं. त्या पेटीत मीपण हात घातला नाय, अल्लाची शप्पथ.”

मी टॉर्च, पाना आणि लोखंडी ब्रश घेऊन आत चढलो. आत तळाशी सुकलेला चिखल, त्यावर तेलाची काळी साय, खेकड्यांची बिळं. इंजिनाच्या कडेला पोटावर झोपलो आणि हाताने चिखल उकरायला लागलो. मनात सारखं वहिनींचं वाक्य येत होतं. मला भीती वाटत होती, ते उघडं असेल तर मी बाहेर जाऊन काय बोलू?

हाताला गाळणीचा डबा लागला. वरून बोटं फिरवली. झाकण होतं.

जागेवर होतं. स्क्रू खालपर्यंत आवळलेला. हाताने हलेना. मी पाना लावून, दात-ओठ खाऊन जोर केला, तेव्हा कुठे करकर करत सुटला. आतलं रबर नीट बसवलेलं होतं, कुठे सुरकुती नव्हती. शिवाय रबराखाली पोराने सुतळीचा एक वेढाही दिला होता, पाझरू नये म्हणून. बॅग विसरणारा माझा पुतण्या हे काम शांतपणे, मन लावून करून गेला होता.

“दादा!” मी आतूनच ओरडलो. “लागलेलं आहे! घट्ट लावलेलं आहे रे! पाना लावावा लागला मला!”

 मी काठावरून डोकं काढलं. दादा चिखलात बसला होता. धोतर, सदरा, कशाची शुद्ध नाही. कादरभाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उकिडवा बसला होता. दादा रडतही नव्हता, नुसता तोंड उघडून श्वास घेत होता. माझेच डोळे भरून आले.

“मी विसराळू म्हटलं त्याला,” तो म्हणाला. “साहेबासमोर म्हटलं.”

“आता सगळ्यांना सांगू आपण. वहिनींना सांगू.”

त्याने मान डोलावली. बऱ्याच वेळाने उठला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, “मग पाणी आलं कुठनं?”

हा प्रश्न त्याने विचारला नसता तरी मी शोधलंच असतं. माझा स्वभावच तसा आहे, एखादी गोष्ट बिघडली का ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. अनेकदा वाटतं, त्या दिवशी तेवढ्यावर उठून घरी गेलो असतो तर बरं झालं असतं.

मी परत आडवा झालो. डब्यामागे कॉक, कॉकखाली तळाला बसवलेली लोखंडी बैठक. तिला हात लावला आणि ती हलली. चार बोल्टांनी तळाला आवळलेली बैठक हलता कामा नये. मी जरा ओढली तर अख्खी उपसून हातात आली आणि तळाच्या भोकातून बाहेरचा चिखल दिसला. बोल्ट चारही तुटलेले. एकेक काढून बघितला. दोन्ही टोकांना जाड आणि नटाखाली खंगून सुईएवढे झालेले. जवळचेच, इंजिनाच्या पायाचे बोल्ट तपासले. तेही लोखंडी, त्याच चिखलातले, पण वरच्या गंजाखाली भक्कम होते.

मग हेच चार का गेले?

ब्रशने घासलं तेव्हा दिसलं. प्रत्येक नटाखाली वायसरच्या जागी एक हिरवी पडलेली चकती होती. मी एक घासून साफ केली. खाली तांबूस रंग आला, कडेला पुसट अक्षरं आली. मधे गोल भोक असलेला तो इंग्रजांच्या वेळचा पैसा होता. भोकाचे पैसे म्हणायचो आम्ही त्यांना, करगोट्यात ओवायचो.

खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटवून ठेवलं, की तांबं शाबूत राहतं आणि लोखंड झिजत जातं. जहाजावर नव्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. दीडदोन वर्षांत हे बोल्ट आतून संपले असणार, आणि मग एका फेरीला इंजिनाच्या हादऱ्याने एकदम सुटले. उल्हासला वरून काही दिसण्यासारखं नव्हतं.

मी बाहेर आलो. कादरभाई जरा लांब सावलीला जाऊन बसला होता. मी ते चार पैसे दादाच्या हातावर ठेवले. काय झालं असेल ते सांगितलं, तांब्या-लोखंडाचंही सांगितलं. सांगताना माझ्या लक्षातच आलं नाही, की तो ऐकत नाहीये. तो पैशांकडे बघत होता.

“कुठल्या गाढवाने हे वायसर म्हणून लावले?” मी म्हणालो. “मिस्त्री कोण होता?”

“कादर, जरा च्या सांग,” दादा म्हणाला. कादरभाई समजला आणि झोपडीकडे गेला.

तो दूर गेल्यावर दादा हळू आवाजात बोलला. “आपल्या बाबांच्या वेळी डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी पैसा ठेवायचे, आठवतं? दर्याला त्याचा वाटा. आई ठेवायची.”

“हो. कोरड्या लाकडावर.”

“उल्हास बसायचा ठरला तवा मी इंजिन उतरवून साफ केलं, ही बैठक नवी बसवली. डोलकाठी तर नाय. पैसा ठेवायचा कुठं? तुजी वहिनी म्हणाली, जिथनं दर्या आत येतो तिथंच ठेवूया.” त्याने मूठ मिटली. “आईचे देव्हाऱ्यातले चार पैसे घेऊन आली. हळदकुंकू लावलान, स्वतःच्या हातानं एकेका बोल्टात सारलेन. पोराला दर्यानं सांभाळावं म्हणून. मी वर नट आवळले.”

 कांदळात कुठेतरी एक ढोक ओरडला. उल्हासवर डाग नाही, हे जगात एकच माणूस पहिल्यापासून छातीठोक सांगत होतं. ते खरं ठरलं होतं, आणि आता त्या चार पैशांचं त्याच माणसाला सांगायचं होतं.

“तिला कळलं तर ती जगायची नाय,” दादा म्हणाला.

“मग बोलू नकोस. गप्प राहू.”

“नि पोरगं? त्याला तसाच ठेवू?”

“दादा, चूक कुणाचीच नाही रे.”

“तुज्या बोटीवर असंल तसं. वाडीत कुणाची तरी असावी लागते.” तो उठला. “नट कुणी आवळले? मी. मग झालं.”

कादरभाईशी बोलून त्याने तिथल्या तिथे भगवती घेतली. मी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “उद्या दुसरं कोण उघडील, बगेल, बोलेल. ही आपल्याच दारात बरी.” एवढ्या सगळ्यांत लाँच निवडायचं काम मात्र पार पडलं होतं.

कादरभाईने आम्हाला त्याच्या होडीतून सोडलं. भर खाडीत, जिथे पाणी सगळ्यांत खोल, तिथे दादाने मूठ उघडून हात पाण्यात बुडवला. वर आला तेव्हा हात रिकामा होता. कादरभाई सुकाणूवर होता, त्याला दिसलं नाही.

आमच्या धक्क्यावर भिकाजी शिवलकर जाळं सांधत बसला होता. अवतीभोवती वाडीतली आणखी माणसं होती. दादा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“भिकाजी, आज आमी भगवती उघडून बगितली. सदा व्हता, कादर होडेकर व्हता. झाकण लागलेलं व्हतं. पोराची चूक नाय.”

भिकाजीने मान वर केली नाही.

“पाण्याच्या बैठकीचे बोल्ट गेलेले. मी बसवलेले. जुने, गंजके, तेच परत ठोकले मी. उल्हास मला सांगत व्हता बदला म्हणून. दोनदा सांगितलान. मी आळस केला.”

मी दचकून दादाकडे बघितलं. उल्हासने असं काही कधीच सांगितलं नव्हतं. दादाने माझ्याकडे नजर टाकली नाही.

भिकाजीच्या हातातली सुई थांबली. “म्हणजे माज्या बायकोला तू मारलंस,” तो म्हणाला. “नि तीन वर्सं मी त्या पोराला शिव्या देतोय. मेलेल्या पोराला. नि तू दारात बसून ऐकत व्हतास.”

“व्हय.”

मला वाटलं, तो हात उगारेल. त्याने जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं. “तुजं तोंड मला दिसू नये,” म्हणाला. चार पावलं गेला आणि वळला. “तुज्या बायकोला सांग, माज्या दारात आली तर पाणी देईन.”

वाडी ती केवढी. आम्ही घरी पोचेपर्यंत वहिनी दारापुढच्या खळ्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी दादाकडे पाहिलंच नाही.

“भाऊजी, लागलेलं व्हतं ना?”

“घट्ट लागलेलं, वहिनी. सुतळीसुद्धा गुंडाळली होती त्याने.”

त्या हसल्या. पदर तोंडात कोंबून हसल्या आणि तशाच रडायला लागल्या. “मी सांगत नव्हते? मी सांगत नव्हते सगळ्यांना?” शेजारच्या बायका पुढे आल्या, त्यांनी त्यांना धरलं. कितीतरी दिवसांनी आमच्या खळ्यात बायका आल्या होत्या. मीही हुंदका आवरला नाही.

मग वहिनी शांत झाल्या आणि दादाकडे वळल्या.

“पोर तुम्हाला सांगत व्हतं बोल्ट बदला म्हणून?”

“व्हय,” दादा म्हणाला.

“नि साहेबासमोर तुम्ही त्यालाच विसराळू म्हणालात.”

“म्हणालो.”

त्यानंतर त्या दादाशी कधीच बोलल्या नाहीत. भांडण नाही, तंडण नाही, शिवी नाही. संध्याकाळी त्यांनी त्याचं अंथरूण उचलून पडवीत नेऊन ठेवलं. जेवणाचं ताट उंबऱ्याबाहेर यायचं. निरोप असला तर माझ्या बायकोमार्फत.

पडवीत मी त्याला धरलं. “बोल्ट तुझ्यावर घेतलेस, समजलं. पण पोरगा सांगत होता हे कशाला जोडलंस? तेवढ्याने तोडलं त्यांनी.”

“नुसतं बोल्ट तुटले म्हटलं असतं तर कुणीतरी इचारलं असतं, का तुटले. तीच इचारती.” तो अंथरुणावर आडवा झाला. “माणूस नालायक निघाला की पुढं कुणी इचारत नाय, सदा.”

भगवती आमच्या किनाऱ्याला ओढून आणली. दादा तिच्यावर काम करत राहिला, एकटाच. रंग खरवडला, फळ्या बदलल्या, शिवणींत कापूस ठासला. एकूण एक बोल्ट नवा घातला. इंजिन मी सोडवून दिलं, ते चालूही झालं, पण ते त्याने एकदाच, वहिनी गावदेवीच्या जत्रेला गेलेल्या असताना सुरू केलं. धक्क्यावरून जाणारी माणसं बघायची आणि ऐकू जाईल असं बोलायची, की आता कशाला बोल्ट घालतोय. तिला पाण्यात लोटायला हात लावायला कुणी आलं नाही, आणि त्याने कुणाला बोलावलंही नाही.

वहिनी मात्र माणसांत आल्या. देवळात जायला लागल्या, सुमतीच्या मुलीच्या लग्नात भिकाजीच्या मांडवात आईच्या जागी उभ्या राहिल्या. पडवीतून दादा त्यांना जाताना-येताना बघायचा. एकदोनदा मी म्हणालो, सांगून टाकू का? बघ, किती वर्षं झाली. तो म्हणायचा, “बग ना कशी चालते आता. मान वर करून.” तेवढ्यावर विषय संपायचा.

मग दादा गेला. आजारी असा फारसा नव्हता, थंडीच्या दिवसांत सकाळी उठलाच नाही. त्याला पडवीतून माजघरात आणून दर्भावर ठेवलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आत आला. तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालायचं होतं. भटजी वहिनींकडे बघून थांबले. वहिनी हातात पळी घेऊन दादाजवळ बसल्या, आणि पळी तशीच धरून बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, “सगळ्यांना जरा भायेर न्या, भाऊजी. तुम्ही थांबा.”

माणसं बाहेर गेली. त्या दादाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“शेवटपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाय. पोराची चूक असती तर माफ केली असती, ह्यांची नाय झाली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकलेले. तुम्ही होडी उघडलीत. मला खरं सांगा, माजं चुकलं का?”

दादा समोर होता. डोळे मिटलेले, दाढी वाढलेली. मला त्याचा अतोनात राग आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “तुमचं काही चुकलं नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि पळी माझ्या हातात दिली.

“मग पाणी तुम्हीच घाला,” त्या म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.